घड्याळ पाहून घ्यायची गोळी

मॉर्फीनची दहा मिलिग्रॅमची गोळी दिसायला अगदी साधी असते. किंमत काही रुपये. अनेक सरकारी रुग्णालयांत तर ती मोफतच मिळते. पण केसपेपरवर तिचे नाव लिहिले गेले, की पेशंटला बाहेर बाकावर बसवून मुलगा किंवा जावई परत आत येतो, दार लोटतो आणि हळू आवाजात विचारतो, ‘‘डॉक्टर, म्हणजे आता शेवटच का?’’ काही घरांत गोळ्यांचे पाकीट कपाटात तसेच पडून राहते. आई रात्रभर कण्हते, सून पाय चेपत बसते, मुलगा मोबाइलवर गोळीची माहिती वाचतो आणि ठरवतो, की अगदीच सहन होईनासे झाले तर देऊ. ते ‘अगदीच’ कधी आले हे ठरवणारा माणूस स्वतः ते दुखणे सोसत नसतो.

कॅन्सरच्या बहुसंख्य रुग्णांचे दुखणे तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्यांनी आटोक्यात येते. येत नाही तेव्हा त्याची कारणे अनेकदा औषधाच्या बाहेरची असतात. गोळी उशिरा सुरू झालेली असते, तुटक तुटक दिलेली असते, किंवा पेशंटपर्यंत पोचलेलीच नसते.

एक गैरसमज आधीच बाजूला करायला हवा. कॅन्सर म्हटले की वेदना, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. प्रत्यक्षात सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून बाई सहा महिने कुणाला सांगत नाही. गालाच्या आतला पांढरा चट्टा झोंबत नाही म्हणून तंबाखूची पुडी सुटत नाही. मशेरी लावणाऱ्या आजीच्या हिरडीवरची जखमही अशीच महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहते. दुखणे येते ते पुढे, आजार हाडात, मज्जातंतूंत, यकृतात किंवा आतड्यांत पोचला की. आजार पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना वेदना असतात. म्हणजे एक तृतीयांश जणांना त्या अवस्थेतही नसतात, हेही लक्षात ठेवावे.

दुखणे एका जातीचे नसते. ते सांगायला मराठीत जितके शब्द आहेत, तितके फार थोड्या डॉक्टरांना पाठ्यपुस्तकात मिळाले असतील. ठणकते, सलते, टोचते, कळ येते, चमक निघते, पिळवटते, आग होते, मुंग्या येतात, कुरतडल्यासारखे होते. पेशंटने वापरलेला शब्द नीट ऐकला तर अर्धे निदान तिथेच होते. ‘आग होते’, ‘विजेचा झटका बसल्यासारखी चमक जाते’, ‘पदराचा स्पर्शही सहन होत नाही’ असे सांगणाऱ्याचा मज्जातंतू दबलेला किंवा इजा झालेला असतो; त्याला नुसत्या वेदनाशामक गोळीने पुरेसा आराम पडत नाही. ‘पिळवटून कळ येते आणि जाते’ हे आतड्याचे लक्षण. एका जागी खोल, सतत दुखणारे आणि हालचाल केली की वाढणारे, ते बहुतेक हाडाचे. आणि तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला अचानक गाल ठणकायला लागला, तर आजार वाढला असे समजून हताश होण्याआधी तिथे पू झालाय का ते पाहावे. तसे असेल तर साध्या प्रतिजैविकाने दोन-तीन दिवसांत फरक पडतो.

कॅन्सर झालेल्या माणसाचे प्रत्येक दुखणे कॅन्सरचेच असते असेही नाही. आठ दिवस शौचाला झालेली नसते म्हणून पोट दुखते. एका कुशीवर पडून राहिल्याने खांदा आखडतो, पाठीला जखम होते. शेक घेतल्यावर तोंडात बुरशी धरते आणि पाणी गिळतानाही जीव जातो. या प्रत्येकावर वेगळा आणि बहुधा सोपा उपाय असतो. तेव्हा ‘आता हे असंच चालायचं’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून येण्याआधी त्याने पेशंटचे तोंड, पाठ आणि पोट एकदा हाताने तपासलेले असावे, एवढी अपेक्षा नातेवाइकांनी जरूर ठेवावी.

खरी अडचण दुखणे किती आहे हे कळण्याची. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतले सर्वांत वाईट, असे आकडे विचारण्याची पद्धत जगभर आहे. शिकलेले पेशंट आकडा सांगतात. सत्तरीतल्या शेतकऱ्याला तो खेळ वाटतो. त्याला ‘रुपयातले किती आणे दुखतंय, काका?’ असे विचारले की तो क्षणभर विचार करून ‘बारा आणे’ म्हणतो, आणि आठवड्याने ‘चार आणे राहिलंय’ असे सांगतो. काम तेच होते.

पण अनेकदा उत्तर खरे नसते. मुलगा शेजारी उभा असला की बाप ‘बरं हाय’ म्हणतो. बायका तर विचारण्याआधीच सांगतात की एवढे काही नाही. घरच्यांची रात्रीची झोप मोडायला नको, शेतीची कामे खोळंबायला नकोत, आधीच उपचारांवर केवढा खर्च झालाय, असे सगळे त्या ‘बरं हाय’मध्ये असते. काहींना वाटते की दुखते म्हटले तर डॉक्टर केमो थांबवतील. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. रात्री किती वेळा उठलात, मावशी? कूस बदलता येते का? संडासला बसता येते का? भाकरी चावता येते, की दुधात कुस्करून घेता? यांची उत्तरे लपवता येत नाहीत. उपचारांचे टप्पेही याच उत्तरांवर ठरतात: पहिल्यांदा रात्रीची सलग झोप मिळाली पाहिजे, मग बसल्या जागी दुखू नये, आणि त्यानंतर हिंडताफिरताना.

आता घड्याळाकडे वळू. एकेकाळी जगभरच्या रुग्णालयांत मॉर्फीनचे इंजेक्शन पेशंट ओरडू लागल्यावर मिळायचे. औषधाचा अंमल उतरायचा, वेदना पुन्हा वर यायची, पेशंट घंटा वाजवायचा, नर्स डॉक्टरला विचारायची, आणि या सगळ्यात तास जायचा. पेशंटचे सगळे लक्ष पुढच्या इंजेक्शनकडे लागलेले असे, आणि ते पाहून डॉक्टर म्हणत की याला चटक लागली. लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी हे चक्र मोडले. आधी नर्स, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या या बाईंनी मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात काम करताना मॉर्फीन तोंडाने आणि ठरावीक वेळेला, म्हणजे वेदना परत येण्याआधीच, द्यायला सुरुवात केली. दुखणे डोके वर काढत नाही म्हटल्यावर रुग्णांचा औषधाचा धोशा थांबला. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आजच्या पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे उपशामक सेवेची, सुरुवात तिथून मानली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये यालाच साध्या नियमांचे रूप दिले. शक्य तोवर औषध तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि पायरीपायरीने द्यावे. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, दुसऱ्या पायरीवर कोडीन, ट्रॅमाडॉल आणि तिसऱ्यावर मॉर्फीन. पुढे अनुभवाने असे दिसले की तीव्र वेदना असलेल्या माणसाला पहिल्या दोन पायऱ्यांवर रेंगाळत ठेवण्यात अर्थ नसतो. संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये पायऱ्यांचा हट्ट उरलेला नाही, तीव्र दुखण्यात सुरुवातच मॉर्फीनने करता येते. ‘तोंडाने’ आणि ‘घड्याळाप्रमाणे’ हे दोन नियम मात्र तसेच आहेत.

घड्याळ का? साध्या मॉर्फीनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून ती दर चार तासांनी द्यायची: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दोनला कुणी उठायला नको म्हणून झोपतानाची मात्रा अनेकदा दुप्पट लिहिलेली असते. ती चूक नव्हे. पेशंटला दुखत नसेल तरी वेळ झाली की गोळी द्यायची, आणि घरातल्यांना पटायला सर्वांत अवघड जाते ते हेच. दुखत नसताना गोळी कशाला, असे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतेच. पण दुखत नाहीये ते गोळीमुळे. एक वेळ चुकली की दुखणे परत मुरते, आणि मुरलेले दुखणे उतरवायला जास्त औषध लागते. ज्या घरात घड्याळ वाचणारे कुणी नसते, तिथे सिस्टर पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढून देतात. त्यावर भागते.

नेमाच्या गोळ्यांमध्येही कधी एकदम कळ उठते. ड्रेसिंग करताना, अंघोळीला नेताना. त्यासाठी जादा गोळी वेगळी लिहून दिलेली असते. ती कधी आणि किती वेळा लागली हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या भेटीत डॉक्टर त्या वहीवरूनच नेमाची मात्रा वाढवतात. अंदाजाने घरीच वाढवू नये.

महाराष्ट्रात तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर खूप, त्यामुळे नाकातल्या नळीने अन्न घेणारे पेशंटही पुष्कळ. त्यांच्यासाठी साधी मॉर्फीनची गोळी कुटून, पाण्यात विरघळवून नळीतून देता येते. बारा तास चालणाऱ्या लांब असराच्या गोळ्या मात्र कधीही कुटू नयेत. बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते आणि ते धोक्याचे असते. गोळी आणताना ‘ही कुटायची चालेल ना?’ एवढे विचारून घ्यावे.

मॉर्फीनचा सर्वांत हटवादी दुष्परिणाम कुठला, असे विचारले तर लोक म्हणतील व्यसन, डॉक्टरही कधी कधी म्हणतील श्वास. उत्तर आहे बद्धकोष्ठता. ती जवळजवळ प्रत्येकाला होते आणि इतर त्रासांसारखी काही दिवसांत सरावाने जात नाही. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सुरू करायचे, शौचाला व्हायचे थांबल्यावर नव्हे. सोनामुखीच्या किंवा बिसाकोडिलच्या गोळ्या, लॅक्टुलोजचे पातळ औषध यांपैकी काहीतरी चिठ्ठीवर असायलाच हवे. नसेल तर मागून घ्यावे. घरोघरी चालणारे इसबगोल इथे फारसे उपयोगी नाही. पाणी कमी पिणाऱ्या, आतडी मंदावलेल्या माणसात ते आतच गोळा होऊन बसू शकते. बद्धकोष्ठतेला कंटाळून पेशंट मॉर्फीनच सोडून देतात आणि पुन्हा वेदनेत जातात, हे इतके नेहमीचे आहे की या साध्या गोष्टीवर एवढ्या ओळी खर्च कराव्याशा वाटतात.

पहिले दोन-तीन दिवस मळमळ होते, झोप येते. मळमळीवर गोळी असते. झोपेचे म्हणाल तर कित्येक आठवडे धड न झोपलेला माणूस दुखणे थांबल्यावर झोपणारच. हाक मारल्यावर जागा होतो, ओळखतो, बोलतो आणि श्वास संथ चालू आहे, तर घाबरायचे कारण नाही. हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल तर मात्र गोळी थांबवून लगेच रुग्णालयात न्यावे. त्यावर उतारा असलेले औषध आहे. लघवी कमी झाली, किडनीचा आजार आहे, उलट्याजुलाबाने पाणी कमी झाले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. मॉर्फीनचे अंश किडनीवाटे बाहेर पडतात, ते साठू लागतात आणि मात्रा कमी करावी लागते.

आता व्यसन. महिनाभर मॉर्फीन घेतलेल्या शरीराला त्याची सवय होते, ते एकदम बंद केले तर घाम, जुलाब, अस्वस्थता असा त्रास होतो. असे स्टेरॉइड्स किंवा काही रक्तदाबाच्या गोळ्या अचानक बंद केल्यावरही होते आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे दुखत नसताना, नुकसान दिसत असतानाही औषधाच्या मागे धावणे. कॅन्सरच्या वेदनेसाठी, देखरेखीखाली, वेळेवर गोळी घेणाऱ्यांत ते क्वचित दिसते. क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. आधीपासून दारूचे किंवा कशाचे व्यसन असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, गोळ्या थोड्या थोड्या दिल्या जातील, पण नाकारल्या जाणार नाहीत. अमेरिकेत या औषधांनी काय अनर्थ केला ते बातम्यांतून सर्वांनी वाचले आहे. तिथे कंपन्यांनी ऑक्सिकोडोनसारख्या गोळ्या पाठदुखी-गुडघेदुखीच्या लाखो लोकांना, धोका नाही असे सांगून विकायला लावल्या. त्यातून शिकायचे ते जरूर शिकावे. पण तो दाखला देऊन जबड्याचे हाड पोखरले गेलेल्या माणसाची गोळी अडवणे हा शुद्ध आळस आहे.

गोळी सुरू झाली म्हणजे परतीची वाट नाही, हेही खरे नाही. हाडातल्या गाठीला शेक दिला, केमोने आजार आकसला, की दुखणे उतरते आणि मॉर्फीन हळूहळू कमी करून बंद करता येते. मात्रा दुखण्यावर ठरते, आयुष्य किती उरले यावर नव्हे. नीट मोजून वाढवलेल्या मॉर्फीनने आयुष्य कमी होत नाही. उलट झोप लागते, दोन घास जातात, माणूस उठून अंगणात बसतो.

एवढे उपयोगी, एवढे स्वस्त औषध मग तालुक्याच्या गावात का मिळत नाही? याची गोष्ट जरा संतापजनक आहे. मॉर्फीन अफूपासून होते, आणि अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागात, राजस्थानात चितोडगड-प्रतापगडकडे, उत्तर प्रदेशात काही ठिकाणी केंद्र सरकारच्या परवान्याने खसखशीची शेते उभी राहतात. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफू जाते, बरीचशी निर्यात होते. आणि त्याच देशात १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, आला. त्याचा रोख तस्करांवर होता. पण रुग्णालयाला मॉर्फीन ठेवायचे तर वेगवेगळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने, आणि एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली, अशी अवस्था झाली. नोंदीत चूक झाली तर तुरुंगाची भीती. दुकानदारांनी माल ठेवणे बंद केले, रुग्णालयांनी मागवणे बंद केले. १९९७ पर्यंत देशातला औषधी मॉर्फीनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरून वर्षाला अवघ्या १८ किलोंवर आला होता. साऱ्या देशासाठी अठरा किलो.

या काळात डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फीनची चिठ्ठी न लिहिता शिकून बाहेर पडली. ती पिढी आज विभागप्रमुख आहे. पेशंटच्या मुलाला वाटणारी भीती डॉक्टरच्याही मनात असते ती यामुळे.

याच दिवसांत वेगळे काही करणारेही होते. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना आश्रम सुरू झाला, देशातले पहिले हॉस्पिस. पुढे गोव्यातही त्यांचे केंद्र झाले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र विभाग आहे, त्यांची माणसे मुंबईतल्या रुग्णांच्या घरी जातात. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोळिकोडला संस्था उभारली आणि शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना हाताशी धरून घरोघरी सेवा पोचवली. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच जाहीर केले. कायदा बदलावा म्हणून अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्यांत ही मंडळी पुढे होती. शेवटी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन अशी औषधे ‘आवश्यक’ ठरली, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. कागदावरचा अडसर बराचसा गेला. सवय मात्र जायची आहे. लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये काढलेल्या हिशेबात भारतातल्या गरजेच्या जेमतेम ४ टक्के एवढेच हे औषध उपलब्ध होते.

तेव्हा गावातल्या मेडिकलमध्ये गोळी मिळाली नाही तर ती कुठेच मिळत नाही असे समजू नये. जिथे कॅन्सरचे उपचार झाले त्या रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात ‘पेन क्लिनिक’ किंवा ‘पॅलिएटिव्ह केअर’ची ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारावे. पेशंटला प्रवास झेपत नसेल, तर कागदपत्रे आणि दुखण्याची वही घेऊन घरातल्याने गेले तर चालते का, हेही विचारावे. अनेक ठिकाणी चालते.

मॉर्फीनवर सगळे भागते असेही नाही. हाडाच्या दुखण्यावर शेक फार गुणकारी, आणि त्यासाठी महिनाभर धर्मशाळेत राहायची गरज नसते. अनेकदा एकाच दिवसाचा एकच शेक पुरतो. वेदना कमी करण्यात तो दहा दिवसांच्या शेकाइतकाच उपयोगी ठरतो, फक्त काहींना पुढे तो पुन्हा घ्यावा लागतो. आग आणि चमकांवर ॲमिट्रिप्टिलिन किंवा गाबापेंटिनसारख्या गोळ्या देतात. पहिलीचे नाव मोबाइलवर शोधले की ‘नैराश्यावरील औषध’ असे येते आणि घरचे रागावतात, की आमच्या माणसाला वेडा ठरवताय का. मज्जातंतूंच्या दुखण्यावर ती अगदी कमी मात्रेत चालते, एवढेच. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटातून पाठीत जाणारी कळ असह्य होते, तिथे मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ते बधिर करता येते. फेंटानिलचा पट्टा त्वचेवर लावला की तीन दिवस चालतो, पण तो महाग असतो, वेदनाशामकांची सवय नसलेल्याला तो लावत नाहीत, आणि पट्ट्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध भराभर अंगात जाते. गालाच्या, स्तनाच्या उघड्या जखमेला वास येतो तेव्हा मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड ड्रेसिंगमध्ये घालतात. औषध दोन-चार रुपयांचे, पण वास गेला की नातवंडे पुन्हा जवळ येऊन बसतात.

एक धोक्याची खूण सर्वांना माहीत असावी. कॅन्सरच्या रुग्णाची पाठ नव्याने दुखू लागली आणि त्याबरोबर पाय लटपटू लागले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असू शकते. तेव्हा सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. पाय पूर्ण जाण्याआधी उपचार झाले तर माणूस चालता राहू शकतो.

सिसिली साँडर्स यांनी वेदनेविषयी आणखी एक गोष्ट सांगितली होती, की शरीराच्या दुखण्यात मनाचे, पैशाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणे मिसळलेले असते आणि त्यांना वेगळे काढता येत नाही. मात्रा वाढवत नेऊनही बारा आण्यांचे दुखणे खाली येत नाही, तेव्हा अनुभवी डॉक्टर खुर्ची ओढून बसतो आणि घरची चौकशी करतो. मग निघते, की सोसायटीचे कर्ज आहे, धाकटीचे लग्न राहिले आहे, किंवा आजार काय आहे हे कुणी सांगतच नाही. ‘त्यांना सांगू नका हं डॉक्टर, धसका घेतील,’ असे घरचे बजावतात. ज्याचे केस गेले, ज्याला मुंबईला नेऊन शेक दिले, त्याला बहुतेक सगळे कळलेले असते. कळले आहे हे बोलायला घरात कुणी उरत नाही. अशा रात्री तो जास्त कण्हतो. एवढे सगळे डॉक्टरने दहा मिनिटांच्या ओपीडीत कधी करायचे, हा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच या कामाला सिस्टर, समाजसेवक आणि शेजारी लागतात.

राहिले घरातले गोळ्यांचे व्यवस्थापन. मॉर्फीन कुलपात, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. घरातल्या दुसऱ्या कुणाचे दात दुखले, कंबर दुखली, म्हणून त्यातली एक देऊ नये. ती मात्रा त्या पेशंटसाठी वाढवत नेलेली असते आणि निरोगी माणसाला जड जाऊ शकते. चिठ्ठी, केसपेपर आणि गोळ्यांचा हिशेब पाकिटाबरोबर असू द्यावा, प्रवासात विचारणा झाली तर दाखवता येतो. मात्रा बदलली किंवा माणूस गेला, तर उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत, दुसऱ्या पेशंटला परस्पर देऊ नयेत. तेरावे झाले की ज्या खिडकीवरून आणल्या तिथे परत नेऊन द्याव्यात आणि रजिस्टरमध्ये नोंद करून घ्यावी.